पसाऱ्याचे शब्द



घर नीटनेटके असले म्हणजे भाषेला त्याविषयी फारसे बोलावे लागत नाही. पसारा झाला की मात्र तिची वाणी खुलते. दक्षिण चीनमधील ग्वांगचौ शहरात आणि हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी कॅन्टनी भाषा याची उत्तम साक्ष देते.

कामात एखाद्याची त्रेधा उडाली की कॅन्टनी माणूस म्हणतो, 'तो-से-लो-हाय', म्हणजे खेकड्यांची टोपली सांडली! एकाला धरावे तो चार पळतात. खेकड्यांच्या टोपलीचा दाखला आपणही देतो, पण तो एकमेकांचे पाय ओढण्याबद्दल. आपली नजर आतल्या खेकड्यांवर. त्यांची नजर टोपली सांडलेल्या माणसावर.

कारभाराचा विचका झाला तर 'यत्-वोक्-चुक्', कढईभर पेज. मुलाच्या अस्ताव्यस्त खोलीला आई 'कौ-तौ', कुत्र्याचे बीळ, म्हणते. आपल्याकडची आई उकिरडा म्हणेल. आणि गोंधळाची कमाल झाली की 'छत्-क्वोक्-कम्-ल्यून्', सात राज्यांसारखी अंदाधुंदी! या सात राज्यांचा संबंध सामान्यतः चीनच्या प्राचीन युद्धकाळाशी जोडतात. दोन शतकांहून अधिक काळ ती आपसांत झुंजली, इ. स. पूर्व 221 मध्ये छिन राज्याने उरलेल्यांना जिंकून देश एक केला. लढाया केव्हाच संपल्या, पण विसकटलेल्या कपाटापुढे त्यांची आठवण अजून निघते.

असे शब्द पुस्तकांत क्वचितच सापडतात. चिनी लेखन प्रामुख्याने उत्तरेकडील बोलीवर उभ्या असलेल्या प्रमाणभाषेत होते. हाँगकाँगचे मूलदेखील बोलते एक आणि निबंधात लिहिते दुसरे. ग्वांगचौच्या शाळांत तर शिकवणेही प्रमाणभाषेतच चालते. 2010 साली तेथील स्थानिक दूरचित्रवाणीवर प्रमाणभाषेचे कार्यक्रम वाढवावेत अशी सूचना पुढे आली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. प्रमाणभाषा त्यांना येत होती. पण मुलांच्या कानांवर आपली बोली पडेल की नाही, याची त्यांना धास्ती वाटली.

ती धास्ती आम्हांस रास्त वाटते. एवढ्या अफाट देशाला एक सामाईक भाषा हवी, हे खरेच. तीत गोंधळाला शब्द आहेतच. कॅन्टनी विसरलेल्या मुलाचे त्यावाचून अडणार नाही. मात्र आजी 'टोपली सांडली' म्हणून हसेल, तेव्हा तो का हसावे हे न कळून तिच्याकडे पाहत राहील. शाळेने प्रमाणभाषा जरूर शिकवावी; पण घरी आईने रागे भरावे ते आपल्याच बोलीत. जी भाषा रागवायला आणि हसायला उरते, ती सहसा मरत नाही.