बर्फाच्या समुद्रांतील रसदवाहू जहाज

ध्रुवप्रदेश म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें स्कॉट किंवा अमुंडसेन यांच्यासारखे वीर उभे राहतात. परंतु त्या हिमभूमीवर वर्षभर राहणाऱ्या संशोधकांस पीठ, तेल, औषधें आणि घरचीं पत्रें कोण पोंचवितें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे, तें असेंच एक रसदवाहू जहाज होय. त्याचें नांव 'नेला डान'.

हें तांबडें जहाज १९६१ सालीं डेन्मार्कमध्यें बांधलें गेलें. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक मोहिमांचे संचालक फिलिप लॉ यांच्या पत्नी नेल लॉ यांच्यावरून त्याचें नांव ठेविलें होतें. जहाज डॅनिश, खलाशी डॅनिश आणि भाडें ऑस्ट्रेलियाचें, अशी ही व्यवस्था २६ वर्षें चालली. मॉसन, डेव्हिस, मॅक्वारी बेट येथल्यासारख्या दूरच्या ठाण्यांची बेगमी उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांतच उरकावी लागे. पावसाळ्यापूर्वीं घर भरून ठेवणाऱ्या गृहिणींस ह्यांतली चिंता समजेल. मात्र तेथें विसरलेलें मीठ शेजारणीकडून उसनें मिळत नाहीं.

हिमसागरांत वाट काढणें हें केवळ बळाचें काम नव्हे. ढगांच्या तळाशीं पांढुरकी झांक दिसली कीं खालीं बर्फ समजावें. काळपट छटा दिसली कीं तेथें मोकळें पाणी असावें. आकाशांतच असा समुद्राचा नकाशा वाचीत कप्तान पुढें सरकतो. तरीहि वारा फिरला कीं बर्फाचे तुकडे एकवटून जहाजास कवळतात. १९८५ च्या ऑक्टोबरांत 'नेला डान' एंडर्बी भूमीजवळ असेंच अडकलें आणि सुमारें सात आठवडे बर्फाचें बंदिवान होऊन राहिलें. अखेर डिसेंबरांत 'शिरासे' हें जपानचें बर्फ फोडणारें जहाज धांवून आलें, तेव्हां कोठें सुटका झाली. त्या मोसमांतील संशोधनाचे कित्येक बेत मात्र वायां गेले.

विलक्षण हें कीं, या जहाजाचा अंत बर्फानें केला नाहीं! मॅक्वारी बेटास बंदर नाहीं. उघड्या समुद्रांत नांगर टाकून माल उतरवावा लागतो. ३ डिसेंबर १९८७ रोजीं नळीवाटे तेल किनाऱ्यावर चढविलें जात असतां वारा उठला, नांगर घसरला आणि जहाज खडकांवर चढलें. माणसें सर्व बचावलीं. सांडलेल्या तेलानें किनाऱ्यावरचे लहान समुद्रजीव मात्र असंख्य मेले. पुढें जहाज खडकांवरून ओढून काढण्यांत आलें, परंतु दुरुस्ती परवडणारी नाहीं असें ठरलें. २४ डिसेंबर रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, तें खोल पाण्यांत बुडविण्यांत आलें.

त्यावरून प्रवास केलेल्या पुष्कळांस हा निर्णय पटला नाहीं, आणि त्यांत नवल वाटावयास नको. त्यांच्यापैकीं कित्येकांना लांबलचक हिवाळ्यानंतर घरचीं पत्रें घेऊन आलेलें पहिलें जहाज तेंच होतें.