वहीत कुणाचं काय लिहायचं?

(समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आमच्या आधारगटात दर आठवड्याला आठजणी जमत. मी एकच वही ठेवायची. हजेरी, आणि कोण काय बोललं ते सगळं त्यात. पुढे एकीच्या पोटगीच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलांनी ती वही कोर्टात मागवली. त्याच पानावर दुसरीच्या गर्भपाताची हकिगत होती, नावासकट. तिचा त्या दाव्याशी काडीचाही संबंध नव्हता. चूक माझी होती. ती बाई पुन्हा गटात आली नाही.

‘इथलं बोलणं इथंच राहील’ असं आपण सहज सांगून जातो. पण वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायदा जे संरक्षण देतो, ते आपल्याला देत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते नव्हतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली तर मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. तेव्हा पाळता न येणारं वचन देऊ नये. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत साध्या शब्दांत सांगावी.

मग लिहायचंच नाही का? तसं नाही. मारहाणीची तारीख, तिचे शब्द, जिवाला धोका दिसल्यावर आपण काय केलं, या नोंदी उद्या तिच्याही कामी येतात, आपल्याही. फक्त वही वेगळी हवी. गटाच्या वहीत तारीख, हजेरी, विषय, एवढंच. प्रत्येकीच्या कागदात फक्त तिचं. दुसरीचं नाव नाही, आद्याक्षरही नाही. तिनं सांगितलेलं आणि आपल्याला वाटलेलं वेगळं लिहावं. ‘बाई भांडखोर वाटते’ हे आपलं एक वाक्य समोरच्या वकिलाच्या हाती कोलीत देतं.

समन्स आलं तर पान फाडू नका, खाडाखोड करू नका. पुरावा नष्ट करणं गुन्हा आहे. आधी त्या बाईला सांगा, वकिलाचा सल्ला घ्या, इतरांची नावं झाकण्याची परवानगी कोर्टाकडे मागा.

आज घरी गेल्यावर आपापली वही उघडा. जिच्याबद्दल लिहिलंय तीच शेजारी बसून वाचते आहे असं समजा, आणि ते पान तिला वाचून दाखवता येईल का, ते बघा.