अवजड वाहनांचा सायलेन्सर आणि घाटाची वाट

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त नवी मुंबई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या परिसराचे जीवन अवजड वाहनांच्या चाकांशी निगडित आहे. न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण, पनवेल, कळंबोलीचे रस्ते कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांनी गजबजून गेले. यांतील अनेक ट्रेलर बोरघाट चढून पुण्याकडे जातात. खोपोली ते खंडाळा या सुमारे पाचशे मीटर उंचीच्या चढणीवर इंजिनाचा कस लागतो आणि तेथेच एक गैरसमज मूळ धरतो. सायलेन्सर कापला किंवा त्याजागी मोठा नळ बसवला, की गाडी जास्त ओढते, असे अनेक चालकांना व मालकांना वाटते.

या समजुतीत सत्याचा अंश नाही, असे नाही. जळालेला वायू जितक्या सुलभपणे बाहेर पडेल, तितका इंजिनावरील भार कमी होतो. परंतु नळाचा व्यास आणि सायलेन्सरची रचना कारखान्यात त्या इंजिनाच्या पूर्ण भाराचा विचार करूनच ठरवलेली असते. शिवाय आजच्या ट्रकमध्ये टर्बो असतो. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर त्याचे चक्र फिरते आणि ताजी हवा इंजिनात दाबून भरली जाते. टर्बोच्या अलीकडे नळाला छिद्र पडले, तर हा जोरच वाया जातो. पलीकडे कापाकापी केली, तर शक्तीत पडणारी भर क्षुल्लक असते. वाढतो तो आवाज, आणि त्या आवाजालाच आपण ताकद समजतो.

काही ठिकाणी याच्या जोडीला जुन्या गाडीचा पंप वाढवून डिझेल जादा सोडले जाते. हवा तेवढीच आणि इंधन अधिक, म्हणजे अर्धवट ज्वलन. काळा धूर म्हणजे मालकाच्या खिशातील पैसा आकाशात उडणे होय. त्याबरोबर वायूचे तापमान वाढते व पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बो यांचे आयुष्य घटते.

याहून गंभीर गोष्ट उतारावर घडते. अनेक अवजड वाहनांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. नळातील झडप बंद झाली की वायू कोंडतो आणि इंजिनच गाडीला आवरून धरते. नळाची मोडतोड करताना ही झडप निकामी झाली, तर घाट उतरताना सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. त्यात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर अनर्थ ओढवण्यास वेळ लागत नाही. चढणीवर दोन मिनिटे वाचवण्याच्या मोहाची किंमत उतारावर प्राणांनी मोजावी लागते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानके लागू झाली. या वाहनांत काजळी अडवणारी गाळणी आणि युरियाच्या द्रावणाने विषारी वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा असते. ती काढली किंवा युरिया संपला, तर संवेदक इंजिनाची शक्ती आपोआप कमी करतात. ओढ वाढवण्याचा उपाय ओढच हिरावून घेतो! डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही. कलम १८२-अ नुसार अशा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मग ओढ वाढवावी कशी? एअर फिल्टर वेळेवर बदलावा, नोजल तपासून घ्यावेत, टायरमध्ये योग्य हवा ठेवावी, नळाची गळती तत्काळ बुजवावी, मंजूर वजनापेक्षा अधिक माल भरू नये आणि चढणीवर योग्य गिअर वेळेवर टाकावा. हे उपाय साधे आहेत, पण खात्रीचे आहेत.

पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील गॅरेजवाल्यांना, शिक्षकांनी उद्याच्या चालक-मेकॅनिकांना हे समजावून सांगावे. अधिकाऱ्यांनीही तपासणीच्या वेळी केवळ पी.यू.सी.चा कागद न पाहता नळाकडे व झडपेकडे नजर टाकावी. रस्त्यालगतच्या शाळेतील मुलांचा श्वास आणि घाट उतरणाऱ्या चालकाचा जीव, दोन्ही त्या एका नळाशी बांधलेले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.