अखेरच्या आजारातील मधुमेह



मधुमेह हा दीर्घकाळ सोबत करणारा विकार आहे. वीस-पंचवीस वर्षे रुग्णाने पथ्य पाळावे, गोळ्या किंवा इन्सुलिन वेळेवर घ्यावे, आणि अशातच असाध्य कर्करोगाचे निदान व्हावे, असे आज अनेक कुटुंबांत घडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे अनुमान आहे. तेव्हा हे दोन आजार एकाच घरात एकत्र येणे नवलाचे नाही.

मीरा-भाईंदरचे उदाहरण घ्यावे. येथे १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. उत्तन, चौक, पाली यांसारखी मच्छीमारांची गावे आणि मीरा रोडच्या उंच इमारती एकाच नगरात नांदतात. येथील कर्करुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. रोग बरा होणार नाही असे ठरल्यावर तो घरी परततो आणि शुश्रूषेचा भार घरच्यांवर येतो. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो साखरेचा. आयुष्यभर वर्ज्य असलेला शिऱ्याचा घास रुग्णाने मागितला, तर द्यावा की नाही?

याचे उत्तर उपचाराच्या हेतूत आहे. एरवी साखर काटेकोर ठेवण्याचा उद्देश डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांचे पुढील अनेक वर्षांतील नुकसान टाळणे हा असतो. आयुष्य काही आठवड्यांचेच उरले असता तो उद्देश मागे पडतो. मग साखर फार उतरू नये आणि तहान, वारंवार लघवी, ग्लानी येण्याइतकी चढू नये, एवढेच साधावयाचे असते. ब्रिटनमधील मार्गदर्शनात अशा रुग्णासाठी दर डेसिलिटरला १०८ ते २७० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. तात्पर्य, तो घास अवश्य द्यावा.

साखर उतरण्याचा धोका मात्र नीट ओळखला पाहिजे. भूक मंदावते, वजन घटते, मूत्रपिंडे थकतात. औषधाची मात्रा मात्र जुनीच राहते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन रुग्ण जेवला नाही, तर घाम, थरथर व भ्रम उद्भवतो. घरच्यांना ती आजाराचीच ग्लानी वाटते. मेटफॉर्मिनने मळमळ व अरुची वाढू शकते. उलटपक्षी सूज व उलटी यांसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने साखर चढते. ते सकाळी एकदाच दिले असेल, तर ही वाढ दुपारनंतर व सायंकाळी अधिक दिसते. म्हणून तपासणीही त्या वेळी करणे उचित.

येथे एक भेद विसरता कामा नये. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात अन्न सुटल्यावर डॉक्टर बहुधा गोळ्या थांबवितात आणि अखेरच्या दिवसांत बोटे टोचणेही बंद करतात. पहिल्या प्रकारात मात्र शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते पूर्ण बंद केल्यास रक्तात आम्ल साचून रुग्णाला असह्य यातना होतात. त्यामुळे अन्न थांबले तरी दीर्घकाळ परिणाम करणारे इन्सुलिन, कमी केलेल्या मात्रेत, दिवसातून एकदा चालू ठेवतात. हा निर्णय डॉक्टरांचाच असावा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने मात्रा बदलू नये.

गोळी बंद होणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तोंडाची स्वच्छता, पावलांची निगा, पाठीवर व्रण होऊ नयेत म्हणून कूस बदलणे आणि वेदनेवर योग्य औषध, ही सेवा अखेरपर्यंत चालतेच. या विचाराने मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने मॉर्फिन मिळण्याचा मार्गही सुकर झाला.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना येथे मोठे कार्य आहे. गावात असा रुग्ण असल्यास आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांना कळवावे. घरच्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: कोणते औषध आता थांबवावे, साखर केव्हा तपासावी आणि रात्री प्रकृती बिघडल्यास कोणाला बोलवावे. ही उत्तरे एका कागदावर लिहून उशाशी ठेवली, तर रात्री-अपरात्री होणारी धावपळ टळेल आणि रुग्णाचे अखेरचे दिवस आपल्या माणसांत शांतपणे जातील.