मेल्याचं ऋण जित्यांना फेडा
(युवक अभ्यासवर्गातील भाषण)



आज मयतीवर बोलायचंय. विषय अशुभ वाटतो? मग आपल्या बापजाद्यांना शुभ-अशुभ निवडायची मुभा कुणी दिली होती? गावात कुणीही मरो, सांगावा घेऊन महारानं पळायचं. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्र असो. सरणाची लाकडं महारानं वाहायची. मोबदला काय? तर मढ्यावरचं कापड. आणि त्याला नाव काय दिलं? हक्क!

हे कुणा एका पाटलाच्या डोक्यातनं निघालेलं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं प्रेताची वस्त्रं नेसावीत, बेवारस मढी वाहावीत. २५ डिसेंबर १९२७ला महाडात ती पोथी जाळली. १९२८ला बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. पण कनिष्ठ वतनं मोडायला १९५८चा कायदा यावा लागला.

आणि आपलं माणूस मेलं तर? वाट वेगळी, स्मशान वेगळं. लाकडाला पैसा नाही म्हणून कित्येकांना नुसती मूठमाती. गावाला मढं वाहणारा चालतो, त्याचं मढं चालत नाही. आजही कैक गावांत आपली तिरडी वाटेत अडवतात. स्मशानाची जमीन आणि तिथवरचा रस्ता, हा आपला लढा संपलेला नाही.

हे झालं गावाचं. आता जरा आपल्या खोलीत, चाळीत, झोपडपट्टीत डोकावू या. ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही. ७ डिसेंबर १९५६ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता पेटली, तेव्हा तिथंच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. बाप गेल्यावर या लोकांनी पिंड पाडले नाहीत, बापाचं काम अंगावर घेतलं. मयतीनंतरची जबाबदारी म्हणतात ती ही.

आणि आपण काय करतो? भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि गॅलरीत कावळ्याची वाट! पुण्यानुमोदनाच्या नावाखाली तेराव्याचीच पंगत. सावकाराचे पैसे काढून भाऊबंदांना जेवण. बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, आणि पंगत उठली की त्याच बाईला विचारायचं, आता तू माहेरी कधी जातेस? खोलीचे कागद दिराच्या खिशात!

पोरांनो, हे रोखणं तुमचं काम आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असणारा पोरगा मयतीच्या घरी नुसता खांदा देऊन परत येत असेल, तर त्या पाठांतराला काय चाटायचंय? मयताची नोंद एकवीस दिवसांत करा, फी लागत नाही. दाखल्याच्या जादा प्रती घ्या. फंडाच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. १९५६चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर माणसानं स्वतः कमावलेल्या मालमत्तेत बायको, आई, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी यांचा सारखा वाटा. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, ते याच बायकांसाठी. आणि सावकार दारात आला तर सांगा, मेलेल्याचं देणं त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. पोरांच्या मजुरीवर, बाईच्या कमाईवर हात टाकायचा नाही. मात्र कुणाला जामीन म्हणून सही करायला लावली असेल तर तो कागद आधी वाचा.

मयतीत बायकांना मागं ठेवू नका. लेकीनं खांदा दिला तर तिरडी बाटत नाही. बुद्धवंदना घ्या, दोन शब्द बोला, चहा प्या. पंगतीचे पैसे पोरांच्या फीला द्या.

मेलेल्याला आता भूक नाही. भूक घरात बसलेल्यांना आहे. मढ्यावरचं कापड आपण फेकून दिलं, आता मागं राहिलेल्या बाईच्या अंगावरचं कुणी ओढणार नाही एवढं बघा.

जय भीम!