केळीला केंद्र आहे, केळी कापणाऱ्याला नाही

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पहाटेच्या गाड्या पकडून भुसावळात आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग आपण या पदाला कसे पात्र नाही हे पाच मिनिटं सांगायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. आभार मनापासून मानतो. पात्रतेचा निकाल तुम्ही निवड केलीत तेव्हाच लागला, त्यामुळे ती पाच मिनिटं वाचवू. आज जेवणात भरीत-पुरी आहे असं कळतं. भरितानंतर खान्देशात कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून जड विषय आत्ताच काढतो.

विषय पैशांचा आहे. आरोग्य संशोधनासाठी एखाद्या प्रदेशाला निधी मिळतो किंवा मिळत नाही, तेव्हा तिथे नेमकं काय उभं राहतं आणि काय राहत नाही, हे मला बोलायचं आहे. सुरुवात मात्र दवाखान्यातून करत नाही, शेतातून करतो, कारण या प्रश्नाचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच जिल्ह्यातल्या शेतात आहे.

जळगावात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे, तेलबिया संशोधन केंद्र आहे. या तेलबिया केंद्रातून भुईमुगाची जेएल-२४ ही जात निघाली. ‘फुले प्रगती’ या नावाने ती देशात दूरवर पेरली गेली आणि पुढे आफ्रिकेत, मलावीपर्यंत पोचली. जिल्ह्याच्या गावातलं एक लहानसं केंद्र, मोजकी माणसं, थोडी जमीन, आणि त्यांचं काम दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडतं. हे कसं घडलं? कुणी एकदम कोट्यवधी रुपये ओतले म्हणून नव्हे. एक जात सिद्ध व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात. त्या काळात पैदासकाराची बदली झाली तरी त्याचं पद राहतं, प्लॉट राहतो, मागच्या हंगामाची नोंदवही कपाटात राहते. नवा माणूस येतो, वही उघडतो आणि पुढच्या ओळीपासून कामाला लागतो.

ही व्यवस्था आपोआप आली नाही. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२ अशी चार कृषी विद्यापीठं महाराष्ट्राने विभागवार काढली, आणि त्यासाठी विदर्भात, मराठवाड्यात लोक रस्त्यावर उतरले होते. पुढे १९७९मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प आला. त्याने हवामान, माती, पाऊस पाहून विभाग पाडले आणि विभागवार केंद्रं बळकट केली. राज्याचे असे नऊ कृषी-हवामान विभाग आहेत. कोकणातल्या भातावरचा उपाय तापीकाठच्या केळीला चालत नाही, हे सरकारला पटलं आणि पैसा त्या नकाशावर वाटला गेला.

माणसांच्या बाबतीत असा नकाशा कुणी काढला नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८मध्ये नाशिकला झालं ते सगळ्या राज्यासाठी एकच, आणि परीक्षा, संलग्नता, निकाल यांच्या ओझ्याखालून त्याला मान वर करायला फारशी सवड मिळालेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राज्यातल्या मोठ्या संस्था पाहा: विषाणू संस्था पुण्याला, एड्सवरची संस्था पुण्याला, रक्तविकारांची आणि प्रजनन आरोग्याची मुंबईला. चंद्रपूरला आणि डहाणूला त्यांच्या चौक्या आहेत. खान्देशात परिषदेची एकही कायमस्वरूपी संस्था नाही. थोडक्यात, केळीवर करपा आला तर त्याच्या मागे लागायला पगारी शास्त्रज्ञ आहेत. केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्या रावेर-यावलच्या मजुराच्या मानेला, किंवा तो ज्या फवारणीत उभा असतो तिच्यामुळे त्याच्या फुप्फुसांना काय होतं, हे शोधणं मात्र कुणाचंच ठरलेलं काम नाही.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. भिल्ल आणि पावरा समाजातला हा आजार आपल्या दाराशी आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात त्यावर काम केलं ते डॉ. सुदाम काटे यांनी, पुण्याहून येऊन. त्यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली, ती सर्वस्वी योग्य होती. पण आपण स्वतःला विचारायला हवं की आपल्या माणसांच्या रक्ताचा अभ्यास करायला पुण्याचा माणूस का यावा लागला. आता १ जुलै २०२३पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू आहे, देशभरात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं आहे. चांगलं आहे. पण तपासणी म्हणजे संशोधन नव्हे. आपल्याकडचा सिकलसेल बहुतांशी अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, त्यात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त, म्हणून आजार सौम्य, असं पाठ्यपुस्तक सांगतं. सातपुड्यातून हाडांच्या वेदनेने तळमळत येणारं मूल पाहिलेल्या कुणालाही त्या ‘सौम्य’ची शंका येईल. ही शंका तपासायची तर तीच मुलं दहा-पंधरा वर्षं पाहत राहावी लागतात. तपासणीची कार्डं वाटून ते होत नाही.

आता म्हणाल, निधी येतो की. येतो, आणि तो कसा येतो हे इथल्या बहुतेकांनी अनुभवलं आहे. प्रशासकीय मान्यता जानेवारीत, पैसे फेब्रुवारीत, आणि खर्च ३१ मार्चच्या आत, नाहीतर निधी परत. दोन महिन्यांत माणूस घडवता येत नाही, यंत्र विकत घेता येतं. म्हणून आपण यंत्र घेतो. मी पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर होता. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं होतं, फोटो काढले होते, मूठभर झेंडूही वाहिला होता. पण जनरेटरची तरतूद त्या लेखाशीर्षात बसत नव्हती, देखभालीचा करार पुढच्या वर्षावर ढकलला गेला, आणि तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होता. तो बाराव्या महिन्यात नाशिकला खासगी लॅबमध्ये गेला. मी गेलो तेव्हा फ्रीझर बंद होता आणि आत कार्यालयाच्या जुन्या फायली रचून ठेवल्या होत्या. निदान त्यांना वाळवी लागत नव्हती. कागदोपत्री त्या संस्थेची संशोधन क्षमता वाढली होती.

हीच गत आपल्या एमडीच्या प्रबंधांची. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, ग्रंथालयात रांगेने उभे. एकाने शंभर रुग्ण पाहिले, दुसऱ्याने पाच वर्षांनी त्याच वॉर्डात त्याच आजाराचे पुन्हा शंभर पाहिले. दोघांची गाठ नाही, आकड्यांची बेरीज नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. वही पुढे चालवणारं पदच तिथे नाही.

मग निधी मागायला जावं तर आपण कोणत्या प्रदेशात मोडतो, हा प्रश्न येतो. राज्यातल्या असमतोलावर दांडेकर समितीने १९८४मध्ये अहवाल दिला. संविधानाच्या ३७१(२)खाली १९९४मध्ये विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण उर्वरितात, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्या पंगतीला. नंदुरबारमधल्या धडगावचं कुपोषण आणि पुण्याची रुग्णालयं एकत्र मोजून सरासरी काढली की आकडा देखणा निघतो, आणि अनुशेष काही दिसत नाही. २०२०मध्ये मंडळांची मुदत संपली. पण सरासरीत बुडण्याची आपली सवय गेलेली नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जळगाव जिल्ह्यातले घशाचे नमुने तपासणीसाठी धुळ्याला जात होते आणि अहवालाची वाट पाहत वॉर्डात संशयित आणि बाधित शेजारी शेजारी झोपत होते. करोनाच्या पहिल्या लाटेत देशातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या जिल्ह्यांत आपलं नाव का आलं, याची कारणं अनेक असतील. त्यांचा नीट अभ्यास जिल्ह्यातच व्हायला हवा होता.

एक आक्षेप मी मुंबईच्या मित्रांकडून नेहमी ऐकतो: संशोधनाचा पैसा गुणवत्तेवर द्यावा, जिल्हा पाहून नव्हे. ऐकायला पटतं. पण प्रस्ताव तपासणारे पहिला प्रश्न विचारतात तो प्राथमिक माहितीचा. ती गोळा करायला लागणारी माणसं नाहीत म्हणून तर आपण अर्ज केलेला असतो! अपवाद असतात. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतःच्या हिमतीवर विंचूदंशाचा अभ्यास केला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि प्राझोसिनमुळे पूर्वी तीस-चाळीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. त्यांना दंडवत. पण दर जिल्ह्यात एक बावस्कर जन्माला येईल, हे काही सरकारी धोरण होऊ शकत नाही.

ब्राझीलने यावर वेगळा मार्ग काढला. विज्ञानाच्या राष्ट्रीय निधीतला किमान ३० टक्के हिस्सा उत्तर, ईशान्य आणि मध्य-पश्चिम या मागे पडलेल्या प्रदेशांसाठी कायद्यानेच राखून ठेवला. आरोग्य संशोधनाचा आणखी एक कार्यक्रम केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, आणि विषय राज्याने ठरवायचे असतात. २०१५मध्ये गरीब ईशान्येतल्या रेसिफे शहरात लहान डोक्याची बाळं जन्मू लागली, तेव्हा ते पहिल्यांदा लक्षात आलं तिथल्याच मेंदूविकार बालरोगतज्ज्ञांच्या. झिका विषाणूशी त्याचा संबंध दाखवणारा अभ्यास केला तिथल्याच सेलिना तुर्ची यांच्या गटाने. त्या शहरात १९५०पासून एक संशोधन संस्था उभी होती. संकट आलं तेव्हा वही उघडी होती, म्हणून जगाला उत्तर मिळालं.

आणि संशोधनाला पैसा देणं खान्देशाला नवं आहे का? अमळनेरच्या प्रताप शेटजींनी १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, अभ्यासकांना शिष्यवृत्त्या दिल्या, आणि के. सी. भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ कलकत्त्याहून इथे येऊन राहिला. इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर धुळेकरांनी त्यांच्या दप्तरासाठी संशोधन मंडळ उभं केलं. आत्मा आणि इतिहास या दोन्हींची सोय आपल्या आजोबा-पणजोबांनी केली. शरीर तेवढं राहून गेलं. अमळनेरचा पैसा पुढे आटला तशी तिथली वर्दळही आटली, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी देणगी मागत नाही, कायम ठेव मागतो आहे.

कशासाठी, ते सांगतो. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या वर जाणं ही आता बातमीही राहिलेली नाही. अहमदाबादला मे २०१०मध्ये उष्म्याची मोठी लाट आली. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. पण अभ्यासकांनी त्या महिन्यातले सगळ्या कारणांचे मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जादा निघाले. त्यावरून २०१३मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा झाला. हे काम करणाऱ्यांत गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था होती, आणि ती गुजरात सरकारच्या साह्याने २००८मध्ये, म्हणजे लाटेच्या दोनच वर्षं आधी, सुरू झालेली होती.

आपल्याकडे काय आहे? नगरपालिकेचं मृत्यू-नोंदणी रजिस्टर आहे. त्यातल्या मे महिन्याच्या पानांवर कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे तीन शब्द किती वेळा येतात, ते पाहायला हरकत नाही. त्यातली काही प्रमाणपत्रं या सभागृहातल्या मंडळींनीच लिहिलेली असतील. रेल्वेचं रुग्णालय आहे आणि रेल्वे कर्मचाऱ्यांचे सिक मेमो आहेत: इंजिनाच्या केबिनमध्ये तापलेला लोको पायलट, दुपारी रुळांवर काम करणारा ट्रॅकमन. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी आहेत, आणि त्या सर्वांचे हजेरीपट आहेत. अहमदाबादकडे यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. कमी आहे ती हे सगळं रोज एका तक्त्यात मांडणाऱ्या माणसांची.

म्हणून दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक नोंदपाल, अशी दोन पदं, दहा वर्षांसाठी. ठेव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे ठेवावी आणि तिच्या व्याजातून पगार व्हावेत. जिल्हा नियोजन समितीकडे ‘नावीन्यपूर्ण योजना’ या शीर्षाखाली मागणी करायची, पण फक्त संगणक आणि प्रवासासाठी. वर्षाच्या वर्षी संपणाऱ्या पैशातून पगार द्यायचा नाही, हे ठरावात स्पष्ट लिहिलं आहे. ठेवीची सुरुवात आपण, म्हणजे या परिषदेच्या सभासदांनी, करायची. रकमेची जागा मोकळी सोडली आहे, ती सभागृहाने भरावी. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदन धुळ्याहून यावं आणि पाठिंबा नंदुरबारहून, अशी माझी विनंती आहे. वीज केंद्रातल्या आणि रेल्वे रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी जेवायला जाण्याआधी मला भेटावं. रजिस्टरं पाहण्याची परवानगी कुणाकडे मागायची, ते त्यांनाच माहीत आहे.