जाहिरात पुढे पळवताना

(व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प)



मालिकांच्या वेळेला व्याख्यान ठेवूनही सभागृह भरलं, याचं श्रेय मी घेणार नाही. आजचा भाग उद्या दुपारी पुन्हा लागतो, आणि तेवढाही धीर नसेल तर घरी जाताना रिक्षात मोबाइलवर बघता येतो, हे आपण सगळे जाणतो. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’च्या वेळेला कोणी व्याख्यान ठेवून दाखवलं असतं, तर मी त्या संयोजकाला साष्टांग नमस्कार घातला असता. तेव्हा घर टीव्हीच्या वेळेवर चालायचं. आता टीव्ही घराच्या वेळेवर चालतो. ही उलथापालथ ज्या खोक्यापासून सुरू झाली, त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

खरं तर त्याआधी व्हीसीआर होता. सोनीचा बेटामॅक्स १९७५ साली आला आणि चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने सांगितलं, की घरी नंतर बघण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. पण अधिकार मिळाला तरी त्या यंत्राचं घड्याळ लावणं कितीजणांना जमलं? असंख्य घरांत ते बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत राहिलं. आपल्याकडे तर व्हीसीआर यायचा तो भाड्याने, एका रात्रीत तीन सिनेमे उरकायला. रेकॉर्डिंग वगैरे दूरच.

१९९९ साली टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही दोन यंत्रं बाजारात आली. टिव्होचे जनक माइक रॅमसे आणि जिम बार्टन. त्यांनी टेपच्या जागी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसवली. पहिलं स्वस्तातलं मॉडेल चौदा तासांचं होतं. डिस्कची खुबी अशी, की तिच्यावर एकीकडे लिहिता येतं आणि त्याच वेळी दुसरीकडून वाचता येतं. त्यामुळे खोका सारखा रेकॉर्ड करत राहतो आणि आपण ‘लाइव्ह’ म्हणून बघतो तेही डिस्कवरून आलेलं असतं. फोन आला, कार्यक्रम थांबवला, दहा मिनिटांनी तिथूनच पुढे. आणि वेळ लावायची भानगडच नाही. मालिकेचं नाव सांगायचं, बाकी खोका बघून घेतो.

त्या रिमोटवरचा अंगठा जरा जवळून बघा. ब्रेक लागला की अंगठा जाहिराती पुढे पळवतो, मालिका दिसताच बटण दाबतो, पण डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत क्षणभर उशीर होतोच. टिव्होच्या अभियंत्यांनी हा उशीर हिशेबात धरला होता. बटण दाबलं की यंत्र आपण होऊन थोडं मागे यायचं आणि मालिका नेमकी जिथे सुरू झाली तिथे उभं राहायचं. शिवाय ठरावीक क्रमाने बटणं दाबली की तीस सेकंदांची उडी मारायची सोय मिळे. ती छापील माहितीपत्रकात नव्हती. वापरणाऱ्यांनी एकमेकांच्या कानात सांगितली. चोरून का? कारण वाहिन्यांची धास्ती. रिप्ले टीव्हीने जाहिराती आपोआप गाळायची सोय उघडपणे दिली, २००१ साली खटला अंगावर घेतला आणि २००३ साली तिच्या मालक कंपनीने दिवाळं काढलं. मधल्या काळात टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी जाहिराती गाळून बघणं म्हणजे चोरी, असं जाहीरपणे सांगितलं. मग बाथरूमला जाणाऱ्याचं काय, असं विचारल्यावर तेवढी थोडी सूट त्यांनी दिली, हे त्यांचे उपकारच.

जाहिरातवाले मात्र रडत बसले नाहीत. २००६ साली केएफसीने अशी जाहिरात केली, की ती संथ गतीने पाहिली तरच त्यात लपवलेला सांकेतिक शब्द दिसावा आणि सँडविचचं कूपन मिळावं. म्हणजे जे यंत्र जाहिरात टाळायला घेतलं, त्यावरच ती एकेक चित्र करून बघायची! २००८ साली ब्रेझल आणि गिप्स या दोन प्राध्यापकांनी दाखवलं, की जाहिरात पळवणाऱ्याची नजर पडद्याच्या मध्यभागी खिळलेली असते, कारण मालिका परत कधी लागते यावर तो टपून असतो. मग मालाचं नाव मध्यभागी ठेवलं की काम झालं.

बघण्याची तऱ्हाही बदलली. ‘लॉस्ट’ मालिकेत २००६ साली एका दारावरचा नकाशा काही सेकंद दिसला. प्रेक्षकांनी चित्र गोठवून त्यातलं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. मालिका अशी वाचनासारखी बघता येते, ही मला या यंत्राची सगळ्यात मोठी देणगी वाटते. उलट सामना ताजाच बघावा लागतो, निकाल कळला की संपलं. म्हणून वाहिन्या खेळांच्या हक्कांवर पाण्यासारखा पैसा ओततात.

आता खरी गोम. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात गाताना गायिका जॅनेट जॅक्सन हिचा पोशाख सुटून छाती क्षणभर उघडी पडली. टिव्हो कंपनीने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, की हा आमच्या ग्राहकांनी सर्वाधिक वेळा मागे नेऊन पाहिलेला क्षण. लोक चपापले. आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिलं, याची नोंद दिवाणखान्यातून बाहेर जाते! कंपनी म्हणाली, नोंदी निनावी आहेत. असतीलही. पण घड्याळ आपल्या हाती देताना अंगठ्याचा हिशेब त्यांनी ठेवून घेतला होता, आणि माझ्या मते तो सौदा महागात पडला. २०१७ साली विझिओ या टीव्ही कंपनीने प्रेक्षकांना नीट न विचारता त्यांचं बघणं टिपल्याबद्दल २२ लाख डॉलर भरले. तिथे तर वेगळा खोकाही नव्हता, हेरगिरी टीव्हीतच होती.

भारतात टाटा स्कायने असा रेकॉर्डर २००८ साली आणला, आमिर खानच्या जाहिरातींसह. आपल्याकडे तो घरोघरी रुजला नाही. किंमत होती, घरात टीव्ही एकच होता, आणि मालिकांचं पुनःप्रक्षेपण फुकट होतं. शिवाय चार भाग चुकले तरी सून अजून त्याच जिन्यावर उभी असते, मग रेकॉर्ड काय करायचं? आपण खोका ओलांडून थेट मोबाइलवर आलो. आणि तिथे काय झालं? प्राइम व्हिडिओने भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर महिना १२९ रुपये जादा. पूर्वी जे काम अंगठा फुकटात करायचा, त्याचं आता बिल येतं.

मंडळी, ते बिल भरायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमच्या घरी स्मार्ट टीव्ही असेल तर आज त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. बघण्याची माहिती कंपनीला पाठवण्याची संमती तिथे बहुधा सापडेल. पहिल्या दिवशी टीव्ही लावणाऱ्या मुलाने घाईत ‘मान्य’ दाबलेलं असतं. ती काढून टाका.